जीवदयेचा हिशेब
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



भगवान नेमिनाथांचा प्रसंग प्रत्येक जैन बालकाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक असतो. वरात निघालेली आहे, मंगलवाद्ये वाजत आहेत आणि वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश कानी येतो. नेमिकुमारांनी सारथ्याला विचारले, हे प्राणी येथे कशासाठी कोंडले आहेत? उत्तर ऐकून रथ माघारी वळला. या कथेतील करुणा सर्वांच्या स्मरणात राहते. परंतु करुणेच्या आधी एक प्रश्न विचारला गेला होता, हे सहसा ध्यानात येत नाही. पशू समोर दिसले, तेव्हा ते येथे का आहेत आणि त्यांचे काय होणार आहे, याची चौकशी झाली. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी हाच प्रश्न जीवदयेच्या नावाने चालणाऱ्या संस्थांना, विशेषतः आजारी व निराधार पशूंची शुश्रूषा करणाऱ्या पांजरपोळांना विचारणे उचित ठरेल. पर्युषण पर्वात जीवदयेच्या पेटीत पडलेला रुपया पुढे कोठे जातो, त्याचा चारा होतो की भिंत होते, औषध होते की मुदतठेव होते, आणि ज्या मुक्या जीवासाठी तो दिला गेला, त्याच्यापर्यंत तो किती पोहोचतो?

पांजरपोळ ही समाजाची जुनी देणगी आहे. मुंबईत १८३४ साली शेठ मोतीचंद अमीचंद आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाली. एक जैन व एक पारशी अशा दोन व्यापाऱ्यांनी मिळून हे कार्य उभे केले, ही बाब लक्षणीय आहे. व्यापाऱ्याची शिस्त आणि श्रावकाची अनुकंपा यांचा संगम या परंपरेच्या मुळाशी आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही पांजरपोळ हा शब्द जसाच्या तसा आला असून, त्याच्या ३५ व्या कलमान्वये न्यायदंडाधिकारी पीडित जनावर पांजरपोळीत पाठविण्याचा आदेश देऊ शकतात. समाजाने जन्मास घातलेल्या संस्थेवर राज्यानेही विश्वास टाकला आहे. अशा विश्वासाबरोबर उत्तरदायित्व येतेच.

मराठवाड्यात या प्रश्नाला स्वतःचे रूप आहे. लातूर जिल्ह्यातील देवणी आणि नांदेड जिल्ह्यातील कंधारची लाल कंधारी, ही गोवंशाची दोन नामांकित रत्ने याच मातीतील. माळेगावची खंडोबाची यात्रा आणि हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार यांनी पिढ्यान्‌पिढ्या या पशुधनाचे मोल जाणले. परंतु ट्रॅक्टर आला, बैलाची गरज ओसरली. शिवारात सोयाबीन वाढले, ज्वारी कमी झाली आणि ज्वारीबरोबर कडबाही कमी झाला. गाईंची कत्तल राज्यात १९७६ च्या कायद्याने बंद होतीच. मार्च २०१५ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने बैल व वळू यांनाही संरक्षण मिळाले. संरक्षण मिळालेल्या प्रत्येक जिवाला रोज खावे लागते, हे मात्र कायद्यात लिहिलेले नसते. म्हातारा बैल, भाकड गाय, रस्त्यावर अपघातात सापडलेले वासरू, पोटात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळा झालेली शहरातील मोकाट गाय आणि पोलिसांनी जप्त केलेली जनावरे, असा सारा भार शेवटी पांजरपोळीच्या दावणीवर येतो. यांपैकी एकही जीव उत्पन्न देणारा नाही. म्हणून येथील अर्थव्यवस्था दुकानासारखी चालत नाही. पूर्णतः दात्याच्या श्रद्धेवर चालते.

या भाराचे मोजमाप एका साध्या उदाहरणाने करता येईल. समजा, एका पांजरपोळीत ३०० मोठी जनावरे आहेत. प्रत्येकास दिवसाला केवळ सहा किलो कडबा धरला, तरी रोज १,८०० किलो आणि वर्षाला ६५७ टन कडबा लागतो. हिरवा चारा, पेंड, मीठ व खनिज मिश्रण त्याहून निराळे. पाणी दर जनावरामागे ५० लिटर धरल्यास दिवसाला १५ हजार लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातुरास पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. संपूर्ण शहर ज्या गाडीची वाट पाहत होते, त्या गाडीतील सर्व पाणी या एका पांजरपोळीला सुमारे ३३ दिवस पुरले असते. दुष्काळात माणसाच्या घागरीशेजारी जनावराची बादली ठेवणे किती कठीण असते, हे लातूरकरांना सांगण्याची आवश्यकता नाही.

आता याच उदाहरणात पैशाचा विचार करावा. रब्बीची ज्वारी निघाल्यानंतर कडबा स्वस्त असतो. पावसाळ्याच्या तोंडावर तो महागतो. समजा, हा फरक किलोमागे तीन रुपयांचा आहे. चार महिन्यांची गरज २,१६,००० किलोची. जी संस्था सुगीत कडबा घेऊन गंजी लावून ठेवते तिच्या तुलनेत, हातात पैसा नाही म्हणून किंवा लक्ष नव्हते म्हणून उशिरा खरेदी करणाऱ्या संस्थेला ६ लाख ४८ हजार रुपये अधिक मोजावे लागतील. एवढ्या रकमेत एका पशुवैद्यकास महिना ५४ हजार रुपये मानधन वर्षभर देता आले असते. यात कोणीही चोरी केलेली नाही. प्रत्येक पावती खरी आहे, प्रत्येक व्हाउचरवर सही आहे, लेखापरीक्षकाचा शेराही स्वच्छ आहे. तरीही सहा लाखांची अनुकंपा वाया गेली. हिशेब बरोबर असणे आणि कारभार बरोबर असणे, या दोन गोष्टींतील अंतर येथे दिसते.

तथापि, पहिली पायरी हिशेबाचीच आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. पुढे मुंबई राज्याचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा या भागासही लागू झाला. आज तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या ३२ व्या व ३३ व्या कलमान्वये हिशेब ठेवणे व त्यांची तपासणी करून घेणे विश्वस्तांस बंधनकारक आहे. ३४ व्या कलमानुसार बेकायदेशीर वा अनुचित खर्च, वसूल न झालेली येणी आणि न्यासाच्या मालमत्तेची हानी यांविषयी अहवालात लिहिणे हे लेखापरीक्षकाचे कर्तव्य आहे. ३६ व्या कलमान्वये धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीविना स्थावर मालमत्तेची विक्री होऊ शकत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावर देता येत नाही. पूर्वजांनी गावाबाहेर गुरांसाठी दिलेली जमीन आज शहराच्या मध्यात आलेली असते. तिचे मोल पाहता या कलमाचे महत्त्व कोणाच्याही ध्यानात येईल.

पुष्कळ सभासद वार्षिक सभेत ताळेबंदाचे शेवटचे दोन आकडे जुळले की समाधान मानतात. वास्तविक ताळेबंदापेक्षा लेखापरीक्षकाचा अहवाल अधिक बोलका असतो. १९५१ च्या नियमांतील १९ व्या नियमाने त्याने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत हे ठरवून दिले आहे. हातातील रोकड व पावत्या हिशेबाशी जुळतात काय, पाच हजार रुपयांवरील बांधकाम-दुरुस्तीसाठी निविदा मागविल्या होत्या काय, इतिवृत्त पुस्तक ठेवले जाते काय, एखादा विश्वस्त न्यासाचा ऋणको वा धनको आहे काय, असे ते प्रश्न आहेत. हे एक पान सभासदांनी शांतपणे वाचले, तर अर्ध्या शंकांचे निरसन होते आणि उरलेल्या अर्ध्या शंका योग्य जागी विचारता येतात.

दुसरी पायरी धर्माची आहे. जैन परंपरेने द्रव्याची विभागणी फार पूर्वीच शिकविली. देवद्रव्य देवकार्यासच लागावे, ज्ञानखात्यातील द्रव्य ज्ञानासाठीच लागावे, जीवदयेचे द्रव्य जिवांसाठीच लागावे, हा दंडक आधुनिक लेखाशास्त्रातील स्वतंत्र निधीच्या संकल्पनेपेक्षा जुना आहे. म्हणून जीवदयेच्या पेटीतील रक्कम तात्पुरती म्हणूनही भोजनशाळेच्या फरशीसाठी वापरली गेली, तर ते केवळ लेखनिकाचे दुर्लक्ष ठरत नाही. दात्याच्या संकल्पाचा तो भंग होतो.

याहून सूक्ष्म कसोटी श्रावकाच्या अणुव्रतांत सापडते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार शास्त्रकारांनी सांगितले आहेत: जिवाला जखडून बांधणे, त्याला मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर अतिभार लादणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे. हे पाचही अतिचार पाळीव पशूस तंतोतंत लागू पडतात. इंग्लंडमध्ये १९६५ च्या ब्रॅम्बेल समितीच्या अहवालानंतर प्राणिकल्याणाची जी पाच स्वातंत्र्ये मांडली गेली, त्यांत भूक-तहानेपासून, अस्वास्थ्यापासून, वेदना व रोगापासून आणि भयापासून मुक्तता, तसेच स्वाभाविक वर्तनाची मुभा यांचा समावेश आहे. अतिचारांची यादी त्याहून कितीतरी शतके आधीची आहे. पांजरपोळीचे मूल्यमापन करणाऱ्याने हे पाच प्रश्न घेऊन गोठ्यात जावे. दावण किती आखूड आहे? हाकलणाऱ्याच्या हातात काठी कशासाठी आहे? जखमेवर वेळेवर उपचार झाले काय? ५० जनावरांच्या जागेत ८० बांधली आहेत काय? दुपारी दोन वाजता हौदात पाणी आहे काय? त्याचप्रमाणे अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापे ठेवण्याचा उल्लेख आहे. चाऱ्याची गाडी वजनकाट्यावर न चढताच खाली होत असेल, तर तो दोष केवळ व्यवस्थापनाचा राहत नाही.

प्रत्यक्ष तपासणीसाठी चार नोंदवह्या पुरेशा आहेत.

पहिली जनावरांची. प्रत्येक जनावर कधी आले, कोणी आणले, कोणत्या अवस्थेत आले, याची नोंद हवी. कानातील बारा अंकी बिल्ल्यामुळे हे आता सुकर झाले आहे. २०१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील चारा छावण्यांच्या अचानक तपासणीत कागदावरील जनावरे आणि दावणीवरील जनावरे यांत मोठी तफावत आढळली होती. सरकारी अनुदान डोक्यामागे असले की डोकी वाढविण्याचा मोह होतो, हा त्या प्रसंगाचा धडा आहे.

दुसरी चाऱ्याची. आवक, वजन, दर, पुरवठादार आणि रोजचा खप यांत असावा. चाऱ्याचा एकूण खप भागिले जनावरांची संख्या, एवढा एक भागाकार कोणताही सभासद करू शकतो. उत्तर रोज दोन किलो आले तर जनावरे उपाशी आहेत, वीस किलो कडबा आला तर चारा अन्यत्र गेला आहे. दुष्काळात उसाचे वाढे भरपूर घातले जाते. त्यातील ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून केवळ वाढ्यावर ठेवलेली जनावरे अशक्त होतात. स्वस्त चाऱ्याचे बिल पुढे औषधाच्या खात्यात येते, हे वाचकाने दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहावे.

तिसरी औषधोपचारांची. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने राज्यातील गोवंशाला ग्रासले, तेव्हा लसीकरणाची तारीख, बिल्ल्याचा क्रमांक आणि बाधित जनावरांचे विलगीकरण यांच्या नोंदींचे महत्त्व सर्वांना कळले. औषधांची निवडही तपासावी. गिधाडांच्या विनाशास कारण ठरलेल्या डायक्लोफिनॅकवर पशुवैद्यकीय वापरासाठी २००६ मध्ये आणि किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. एका जिवाची वेदना शमविताना दुसऱ्या जिवाचा वंश खुंटू नये, ही अहिंसेची व्यापक दृष्टी औषधाच्या कपाटातही दिसली पाहिजे. उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील तज्ज्ञांकडून वर्षातून एकदा तरी कळपाची तपासणी करून घेणे दोन्ही जिल्ह्यांतील संस्थांना सहज शक्य आहे.

चौथी नोंदवही मृत्यूची, आणि तीच सर्वांत अवघड. पांजरपोळीत वृद्ध व मरणासन्न जनावरे येतात, म्हणून तेथे मृत्यू होणारच. मृत्यूचा आकडा मोठा दिसला म्हणून संस्थेस दोष देणे अन्यायाचे होईल. उलट, अत्यंत लहान आकडा दाखविणारी संस्था कदाचित आजारी जनावरांना दारातूनच परत पाठवीत असेल. पाहावयाचे ते असे की, आल्यानंतर किती दिवसांनी मृत्यू झाला, कारण काय लिहिले आहे, आणि धडधाकट आलेली जनावरे तर दगावत नाहीत ना. जी संस्था आपल्या मृत्यूंची नोंद न लपविता सभेपुढे ठेवते, ती संस्था बहुधा इतर काहीही लपवीत नाही.

खर्चाविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. व्यवस्थापनावर कमीत कमी खर्च करणारी संस्था ती उत्तम, असे अनेक दाते मानतात. अमेरिकेत धर्मादाय संस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या तीन प्रमुख संस्थांनी जून २०१३ मध्ये दात्यांना खुले पत्र लिहून, केवळ व्यवस्थापन खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नये, असे आवाहन केले. त्यांपैकी एक, चॅरिटी नॅव्हिगेटर, स्वतः अशाच आर्थिक गुणोत्तरांवरून मानांकन देण्यासाठी प्रसिद्ध होती. हा अनुभव येथेही लागू पडतो. पशुवैद्यकाचे वेतन, गोठ्यातील गड्याची योग्य मजुरी, हिशेबनिसाचे मानधन आणि वजनकाट्याची देखभाल हा खर्च जीवदयेला पूरक आहे. अपुऱ्या मजुरीवर दिवसभर राबणारा गडी जनावराशी ममतेने वागेल, ही अपेक्षा अनुचित होय.

शिल्लक रकमेबाबतही तारतम्य हवे. एकीकडे ठेवी वाढत असता दुसरीकडे हौद कोरडा असेल, तर ती शिल्लक भूषणावह नाही. परंतु मराठवाड्यात जी पांजरपोळ एक रुपयाही राखून ठेवीत नाही, ती पहिल्याच दुष्काळात हात जोडून उभी राहते. किमान एका वर्षाच्या चाऱ्याएवढा दुष्काळ निधी वेगळ्या खात्यात असावा आणि तो केव्हा मोडावयाचा याचा ठराव आधीच झालेला असावा. शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. तो स्वागतार्ह आहे. परंतु हे अनुदान देशी गाईंपुरते आहे. म्हैस, संकरित गाय आणि इतर जीव दात्यांच्याच आधारावर राहतात. म्हणून शासकीय रकमेचा हिशेब स्वतंत्र ठेवणे कायद्याच्या आणि धर्माच्याही दृष्टीने इष्ट ठरते. देणगीदारानेही आपले कर्तव्य पाळावे. कलम ८०-जी या नावाने परिचित असलेली करसवलत २०१७ पासून दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीस मिळत नाही; धनादेशाने देणगी देणारा दाता संस्थेच्या पारदर्शकतेस हातभारच लावतो.

सर्वांत नाजूक विषय नात्यांचा आहे. लहान गावांत चारा पुरविणारा व्यापारी, बांधकाम करणारा ठेकेदार आणि विश्वस्त हे एकमेकांचे व्याही किंवा मेहुणे असतात. अशा ठिकाणी हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी समजूत रूढ होते आणि प्रश्न विचारणारा समाजात एकटा पडतो. वस्तुतः प्रश्न विचारल्याने प्रामाणिक कोषाध्यक्षाचेच रक्षण होते. ज्याच्याविषयी सभेत प्रश्न विचारले जात नाहीत, त्याच्याविषयी बाजारात कुजबुज होते, आणि कुजबुजीला उत्तर देण्याची सोय नसते. विश्वस्ताच्या आप्ताकडून खरेदी करावयाची असेल, तर तीन दर मागवावेत, संबंध इतिवृत्तात नोंदवावा आणि त्या विश्वस्ताने त्या निर्णयात भाग घेऊ नये. एवढ्याने नातेही टिकते आणि न्यासही.

अखेरीस क्षमतेचा प्रश्न. दुष्काळात शेतकरी डोळ्यांत पाणी आणून बैल दारात सोडून जातो. त्याला नाही म्हणणे कठोर वाटते. परंतु ३०० जनावरांच्या चाऱ्यावर ४५० जनावरे ठेवल्यास प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तृतीयांश येते, आणि अन्नपान-निरोधाचा अतिचार सर्वांच्या बाबतीत घडतो. म्हणून विश्वस्तांनी आपली मर्यादा सुकाळातच ठरवावी, ती जाहीर करावी आणि मर्यादेपलीकडील जनावरांसाठी शेजारच्या तालुक्यातील संस्थेशी आधीच समझोता करावा. नांदेड आणि लातूर येथील संस्थांनी चारा खरेदी, पशुवैद्यकसेवा आणि आपत्काळातील स्थलांतर यांसाठी एकत्र बसण्याची वेळ आली आहे. नकार देणे शक्य तेवढे टळावे, परंतु तो द्यावा लागलाच तर जनावरास दुसरा आसरा दाखवूनच द्यावा.

पन्नास वर्षांची वाटचाल ही पुण्याई आहे. प्रतिवर्षी संवत्सरीस श्रावक आलोचना करतो, झाल्या-गेल्या दोषांची कबुली देऊन सर्व जिवांची क्षमा मागतो. संस्थेनेही वर्षातून एकदा अशी आलोचना करावी. वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर आलेली जनावरे, बरी झालेली जनावरे, दगावलेली जनावरे, दर जनावरामागचा रोजचा खर्च आणि राहून गेलेली कामे, असे एकच पान वाचून दाखवावे व सूचनाफलकावर लावावे. मुक्या जिवांना पावती मागता येत नाही, सभेत उभे राहून प्रश्न विचारता येत नाही. त्यांच्या वतीने तो हिशेब मागणे आणि तो मोकळ्या मनाने देणे, ही पुढील पन्नास वर्षांची जीवदया ठरो.

जय जिनेंद्र.